जेमिनिड उल्कावर्षाव: मुंबईकरांनी कधी, कुठून आणि कसा पाहावा

डिसेंबर उजाडला की 'ताशी १५० उल्का' हा आकडा बातम्यांत फिरायला लागतो, आणि वर्षाव होऊन गेला की अर्धी मुंबई 'आम्हाला तर तीनच दिसल्या' म्हणत असते. आकडा खोटा नसतो. तो ज्या आकाशासाठी काढलेला असतो, ते आकाश मुंबईवर नाही. उल्का जिथून फाकल्यासारख्या दिसतात तो उगमबिंदू बरोबर डोक्यावर, चंद्र नाही, कुठे आडोसा नाही आणि नुसत्या डोळ्यांना ६.५ प्रतीपर्यंतचे तारे दिसतायत (प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचं माप, आकडा जितका मोठा तितका तारा मंद), अशा वेळी एका माणसाला तासाभरात किती उल्का दिसतील, त्याचा हा हिशेब. याला झेडएचआर म्हणतात. आपल्या जागेचा आकडा त्यातून काढता येतो, आणि तो गाडी ठरवायच्या आधी काढावा.

जेमिनिडसाठी हिशेब असा: आकाश एका प्रतीने खराब झालं की उल्का २.६ पटीने घटतात, कारण बहुतेक उल्का मंदच असतात. ६.५ प्रतीला १५०, तर ५.५ ला साधारण ५८, ४.५ ला २२ आणि ३.५ ला आठ-नऊ. दादर-अंधेरीच्या गच्चीवरून डिसेंबरच्या धुरकट रात्री मर्यादा तीन-साडेतीनच्या पुढे क्वचित जाते. म्हणजे तीन उल्का दिसल्या यात नशिबाचा दोष नाही, गणितच तेवढं आहे.

दुसरा भाग उगमबिंदूच्या उंचीचा. वरच्या आकड्याला त्या उंचीच्या साइनने गुणायचं. मुंबई १९ अंश अक्षांशावर आहे. जेमिनिडचा उगमबिंदू मिथुन राशीत, पुनर्वसूच्या दोन ठळक ताऱ्यांपैकी कॅस्टरजवळ असतो. तो संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास ईशान्येला उगवतो, रात्री दहाला जेमतेम २७ अंशांवर येतो, अकराला ४० वर आणि पहाटे अडीचच्या सुमारास ७६ अंशांवर, म्हणजे जवळजवळ डोक्यावर. दहा वाजताचा गुणक ०.४६, अडीचचा ०.९७. जेवून गच्चीत जायचं, तासभर थांबायचं आणि अकराला खाली यायचं, हा बेत निम्म्याहून जास्त उल्का सोडून देतो.

कोणता वर्षाव आपल्या वाट्याचा

जगभर ऑगस्टमधल्या पर्सिडचं कौतुक जास्त. १२-१३ ऑगस्टला झेडएचआर १०० च्या आसपास जातो, स्विफ्ट-टटल धूमकेतूची धूळ सेकंदाला ५९ किलोमीटर वेगाने येते, पण मुंबईवर तेव्हा श्रावणसरी असतात. २०२६ मध्ये तर पर्सिड नेमका दिव्याच्या अवसेला आलाय. चंद्राचा पूर्ण अभाव आणि ढगांचा सुकाळ! घाट ओलांडून माण-खटाव किंवा सोलापूरकडे गेलात तर ढगांच्या फटी सापडू शकतात, एवढंच. मुंबईत राहून पर्सिडसाठी रजा टाकू नये.

२१-२२ ऑक्टोबरचा ओरायनिड आणि ५-६ मेचा ईटा ॲक्वेरिड ही दोन्ही हॅलेच्या धूमकेतूची पिल्लं, दोन्ही सेकंदाला ६६ किलोमीटर वेगाची. ओरायनिडचा झेडएचआर २० च आहे, पण पाऊस नुकताच गेलेला असतो आणि मृग नक्षत्र पहाटे उंच असतं. ईटा ॲक्वेरिडचा उगमबिंदू कुंभेत, तो सव्वादोनच्या आसपास उगवतो आणि पावणेपाचला फटफटायला लागतं. तीन ते पावणेपाच एवढीच खिडकी, तीही मेच्या दमट हवेत. एप्रिलचा लायरिड १८ वर अडकतो. नोव्हेंबरचा लिओनिड त्याच्या वादळांमुळे प्रसिद्ध आहे (१८३३, १९६६, मग १९९९ आणि २००१), पण टेम्पल-टटल धूमकेतू ३३ वर्षांनी फेरी मारतो आणि मधल्या वर्षांत ताशी दहा-पंधरावर समाधान मानावं लागतं. ३-४ जानेवारीचा क्वाड्रंटिड शंभरीच्या वर जातो खरा, पण त्याचं शिखर काही तासांचंच. ते तास भारतात दिवसाचे निघाले की तो वर्षाव गेलाच.

उरतो जेमिनिड. हवा कोरडी, रात्र मोठी, उगमबिंदू रात्रभर आकाशात, आणि वेग सेकंदाला ३५ किलोमीटर. हा वेग उल्कांच्या मानाने बेताचा, त्यामुळे 'ती बघ' म्हणेपर्यंत शेजारच्याचीही नजर पोहोचते. त्याचा उगम धूमकेतूत नाही, १९८३ साली सापडलेल्या फेथॉन या लघुग्रहात आहे. वर्षातून एकच रात्र काढायची असेल तर ती हीच काढावी. पुढचं सगळं म्हणूनच जेमिनिड धरून लिहिलंय. बाकीच्यांना तारीख आणि दिशा तेवढी बदला.

तारीख: वर्तमानपत्रावर सोडू नका

'१३-१४ डिसेंबरची रात्र' हे सवयीने छापलं जातं. शिखर दरवर्षी साधारण सहा तासांनी पुढे सरकतं आणि लीप वर्षामुळे परत मागे येतं. २०२६ मध्ये ते १४ डिसेंबरला भारतीय वेळेने संध्याकाळी सातच्या आसपास येतं. म्हणजे १३ च्या रात्रीपेक्षा सोमवार १४ ची रात्र उजवी. शिखरानंतर संख्या झपाट्याने उतरते, पण मोठे कण मागाहून येतात, त्यामुळे ठळक उल्कांसाठी शिखर उलटल्यानंतरचे पाच-सहा तास उत्तम. परदेशी तक्त्यात वेळ जागतिक वेळेत असते, तिच्यात साडेपाच तास मिळवायचे. मिळवल्यावर तारीख बदलत असेल तर तीही बदलायची. इथे बरेच जण एका दिवसाने चुकतात.

चंद्रासाठी भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं. शुद्ध पक्षात चंद्र सूर्यास्तानंतर प्रत्येक तिथीला साधारण ५० मिनिटं जास्त थांबतो: पंचमीला दहाच्या आसपास मावळतो, दशमीला दोनच्या. वद्य पक्षात तेच उलट, तो तेवढ्याच मिनिटांनी उशिरा उगवतो. संकष्टीचा चंद्रोदय कॅलेंडरवर छापलेलाच असतो. ती वेळ नऊच्या आसपासची असली तर त्यानंतरची उरलेली रात्र उल्कांसाठी वाया समजा. वद्य एकादशीनंतर मात्र मध्यरात्र ते तीन हा वेळ मोकळा मिळतो. २०२६ चा जेमिनिड चंपाषष्ठीच्या आसपास आहे, चंद्र अकराच्या आत मावळेल आणि उगमबिंदू तेव्हाच वर येत असेल. याहून बरा योग मागू नये. २०२७ मध्ये तोच वर्षाव दत्तजयंतीच्या पौर्णिमेला भिडतो, तेव्हा यंदा आळस केलात तर पुढल्या वर्षी भरपाई नाही.

जागा

एकच नियम पक्का धरा: मुंबई तुमच्या पश्चिमेला असली पाहिजे. हिवाळ्यातलं बघण्यासारखं आकाश पूर्वेकडून चढतं, आणि शहराचा पिवळट उजेड पाठीशी राहिला तर निम्मं काम झालं. अलिबाग-काशीदचा किनारा मोहक आहे, समुद्राकडे काळोखही असतो, पण तिथून मुंबई आणि उरण-पनवेलचा उजेड उत्तर-ईशान्येला येतो, म्हणजे जेमिनिड उगवतो त्याच बाजूला. मध्यरात्रीनंतर मात्र उगमबिंदू वर आलेला असतो, तेव्हा काशीद चालतं.

लोकलने जाणाऱ्यांसाठी वांगणी. बदलापूर आणि नेरळच्या मधलं हे स्टेशन मुंबईतल्या आकाशप्रेमींचं जुनं ठिकाण आहे, खगोल मंडळाचे आकाशदर्शनाचे कार्यक्रम तिथे होत आले आहेत. बदलापूर-अंबरनाथ वाढत गेलं तसा वायव्येचा उजेडही वाढलाय, तरी गच्चीशी तुलना नाही. पहिल्यांदाच जात असाल तर अशा संस्थेबरोबर जाणं सगळ्यात शहाणपणाचं: जागा, परवानगी, चहा आणि तारे दाखवणारा माणूस असं सगळं एकत्र मिळतं. स्वतंत्र जायचं तर संध्याकाळच्या गाडीने जाऊन पहाटेच्या गाडीने परत, हाच हिशेब ठेवा. मध्यरात्री आकाश भरलं म्हणून परतायचं म्हटलं तर गाडी नसते.

स्वतःची गाडी असेल तर मुरबाडच्या पुढे माळशेजच्या दिशेने, किंवा कसारा-इगतपुरी ओलांडून भंडारदऱ्याकडे. जव्हारचा पट्टाही चांगला. घाटातल्या वळणावर, रस्त्याच्या कडेला किंवा धरणाच्या भिंतीवर तळ ठोकू नये. एक ट्रक वळला की वीस मिनिटं कमावलेली नजर जाते, आणि धोका वेगळाच. ओळखीच्या माणसाचं शेत किंवा शेतघर सगळ्यात बरं. अनोळखी गावात दिवसाउजेडी पोचून मालकाला विचारा आणि पोलीस पाटलाच्या कानावर घाला. रात्री माळावर बॅटऱ्या हलताना दिसल्या की गाव जागं होतं, आणि ते योग्यच आहे. संजय गांधी उद्यान आणि आरेचा बेत मनातही आणू नका. बिबट्याची वेळ आणि उल्कांची वेळ एकच.

जागा दिवसा बघताना पूर्वेला डोंगर किंवा झाडी किती उंच आहे ते पाहा. हात ताठ पुढे करून मूठ धरली की साधारण १० अंश. दोन मुठींपर्यंतचा आडोसा बिनधास्त चालतो, कारण तेवढा भाग तसाही धुरकट असतो. मात्र पाचशे मीटरवर पांढरा एलईडी खांब असेल तर जागा बदला, निदान त्याच्या आणि तुमच्यामध्ये भिंत किंवा गाडी येईल असं बसा.

निघायच्या दिवशी हवामान खात्याच्या संकेतस्थळावर इन्सॅटची उपग्रहचित्रं पाहा. रात्री दृश्य प्रकाशातलं चित्र काळं असतं, अवरक्त (इन्फ्रारेड) बघायचं. शेवटची चार-पाच चित्रं ओळीने पाहिली की ढगांची दिशा कळते. डिसेंबरात अरबी समुद्रातून येणारे उंच, विरळ ढग हा खरा शत्रू: चित्रात फिकट दिसतात आणि आकाशात मात्र दोन प्रती खातात.

सामान

दुर्बिणीची गरज नाही. साध्या द्विनेत्रीत सहा-सात अंशांचं आकाश दिसतं, डोळ्यांना अर्धं. एखादा अग्निगोल फुटून मागे धुराची रेघ रेंगाळली तर तेवढ्यापुरती द्विनेत्री काढावी.

खरी लढाई थंडी आणि दवाशी. मुंबईत वीस अंश असताना कर्जत-मुरबाडच्या माळावर पारा चौदा-पंधरापर्यंत उतरतो, भंडारदऱ्याला त्याहूनही खाली, आणि चार तास हालचाल न करता पडून राहिलं की अंगात आणखी हुडहुडी भरते. खाली ताडपत्री, वर सतरंजी, त्यावर गोधडी, असा क्रम ठेवा. ताडपत्री विसरली तर जमिनीची ओल तासाभरात पाठीपर्यंत येते. एकच्या पुढे दव पडायला लागतं, तेव्हा पांघरुणावर टाकायला प्लास्टिकचा एक मोठा कागद हवा. कानटोपी, मोजे, थर्मासमध्ये चहा. नुसतं उताणं पडण्यापेक्षा मागे रेलणारी आरामखुर्ची बरी, नजर आपोआप ५०-६० अंशांवर राहते आणि मान धरत नाही.

बूट घालूनच फिरा. रायगड-ठाण्याच्या खडकाळ माळावर फुरसं असतं, ते लहान असतं आणि वाटेतून हटत नाही. अंथरूण टाकण्यापूर्वी जागेवर बॅटरी फिरवा, दगड उचलून बाजूला करताना बोटं खाली घालू नका. डासांसाठी मलम सोबत असू द्या.

बॅटरीला लाल जिलेटिन कागदाचे तीन-चार पदर रबरबँडने लावा, एकाने भागत नाही, उजेड गुलाबी पडतो. गाडीचा आतला दिवा आणि डिकीचा दिवा आधीच बंद करून ठेवा. रिमोटने गाडी उघडली की चारी दिवे लुकलुकतात, हे सगळ्यांना रात्री दीड वाजता आठवतं! किल्लीने उघडा.

प्रत्यक्ष पाहताना

डोळे अंधाराला सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. मोबाइलवर एक मेसेज वाचला की पुन्हा शून्यापासून. घड्याळ बघायचं तर एकाने लाल उजेडात बघावं आणि सांगावं.

नजर उगमबिंदूवर खिळवू नका. तिथल्या उल्का थेट आपल्याकडे येत असल्यामुळे तुटक, ठिपक्यासारख्या दिसतात. लांब रेघा हव्या असतील तर उगमबिंदूपासून ४०-५० अंश, म्हणजे चार-पाच मुठी दूर, आणि आकाशाचा सगळ्यात काळा भाग निवडा. अकरा वाजता मृग आणि रोहिणीच्या बाजूला बघा. अडीचला उगमबिंदू डोक्यावर असतो, तेव्हा पूर्वेला सिंह आणि मघेकडे वळा. पश्चिमेकडे मुंबई आहे हे विसरू नका.

आधी आपलं आकाश मोजून घ्या. कृत्तिकेच्या पुंजक्यात सहा तारका सुट्या मोजता आल्या तर मर्यादा ४.३ प्रतीच्या पुढे आहे. सातवी-आठवीही दिसली तर पाचच्या वर. तीनचारच दिसत असतील तर चारच्या खाली आहात, वरच्या हिशेबाने ताशी दहा-बारा धरून चाला आणि जमलं तर जागा बदला.

उल्का एकसारख्या अंतराने येत नाहीत. बारा मिनिटं काहीच नाही आणि मग एका मिनिटात तीन, हे अगदी नेहमीचं. लोक नेमके त्या बारा मिनिटांत उठतात. कमीत कमी सलग तासभर द्या, मध्ये पाच मिनिटं पाय मोकळे करा.

मोजायचं असेल तर प्रत्येकाने आपापलं मोजावं. पाच जणांची बेरीज ही झेडएचआरशी ताडता येत नाही, तो आकडा एका माणसाचा आहे. पंधरा मिनिटांचा एक टप्पा धरा, वहीत न बघता रेघ ओढा: जेमिनिड असेल तर डावीकडे, इतर असेल तर उजवीकडे. ओळखायची खूण सोपी, रेघ मनातल्या मनात मागे ओढली की पुनर्वसूपाशी पोचली पाहिजे, आणि वेग बेताचा पाहिजे. झर्रकन गेली तर ती बहुधा दुसरीच. दर तासाला आकाशाची मर्यादा पुन्हा लिहा. आंतरराष्ट्रीय उल्का संघटना १९८८ पासून अशा नोंदी जगभरातून गोळा करते, तिच्या संकेतस्थळावर हौशी निरीक्षकही भरू शकतात. मर्यादेची नोंद नसेल तर नुसत्या संख्येचा उपयोग होत नाही.

मुंबईच्या आसपास विमानं फार. लुकलुकतं ते विमान, मिनिटभर संथ सरकतं तो उपग्रह. उल्का एक-दोन सेकंदांत संपते.

गच्चीवरूनच बघायचं असेल तर

गच्चीची किल्ली सेक्रेटरीकडून संध्याकाळीच घेऊन ठेवा, रात्री एकला कोणी उठणार नाही. सोसायटीचा हॅलोजन दोन तास बंद ठेवायला मिळाला तर विचारा. पाण्याच्या टाकीच्या सावलीत, रस्त्याचे दिवे कठड्याखाली जातील असे झोपा आणि फक्त डोक्यावरचा भाग बघा. वेळ दीड ते साडेतीन. जेमिनिडच्या ठळक उल्का शहरातूनही दिसतात. दुसऱ्या कुठल्या वर्षावासाठी गच्चीत झोप मोडण्यात अर्थ नाही.

कॅमेरा

१४ ते २४ मिलिमीटरची लेन्स, छिद्र एफ २.८, आयएसओ १६०० ते ३२००, एक्स्पोजर गावाकडे १५-२० सेकंद आणि उजेड असेल तिथे आठ-दहा. फोकस स्क्रीनवर दहापट मोठा करून व्याध किंवा ब्रह्महृदयावर हाताने लावा आणि रिंगला चिकटपट्टी लावून टाका. 'लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन' बंद करा, नाहीतर प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा तेवढाच वेळ डोळे मिटतो आणि निम्म्या उल्का तिथेच जातात. इंटरव्हलोमीटरने (ठरावीक वेळाने आपोआप फोटो काढणारी सोय) सलग घेत राहा. २० सेकंदांनी तासाला १८० फोटो, पाच तासांचे ९००, एक रॉ फाइल २५ एमबीची धरली तर साडेबावीस जीबी. ६४ चं कार्ड आणि दुसरी बॅटरी पुरते. लेन्सवर दव बसतं ते दीड-दोनला, आणि ते स्क्रीनवर लगेच कळत नाही. पॉवर बँकेवर चालणारी गरम पट्टी आधीपासूनच लेन्सभोवती गुंडाळून ठेवा, पुसत बसलात तर फोकस हलतो.

मोबाइलच्या नाइट मोडमध्ये अनेक फोटो मिसळून 'नको ती रेघ' पुसली जाऊ शकते. प्रो मोड, ट्रायपॉड, आयएसओ १६००, ३० सेकंद असं लावा.

परतताना कॅमेरा गार असतानाच पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा आणि घरी तासाभराने उघडा, नाहीतर मुंबईच्या दमट हवेत लेन्स आतून धुरकटते. फोटो चाळताना एकाच फोटोत असलेली, दोन्ही टोकांना निमुळती रेघ ती उल्का. तीच रेघ पुढच्या फोटोत पुढे सरकलेली दिसली तर तो उपग्रह, ठिपक्याठिपक्यांची असेल तर सांताक्रूझला उतरणारं विमान.